थोरले साडू आणि अडकलेला निपल

सबंध कोकण किनाऱ्यावर माझ्या थोरल्या साडूंइतका सबुरीचा माणूस झाला नाही, आणि त्यांच्या सबुरीपायी घरच्यांचे जेवढे हाल झाले तेवढे कुणाच्या घाईपायीही झाले नसतील. पालीजवळ त्यांची कलमांची बाग आहे. आंबा अढीत घातला की खोलीला कुलूप आणि किल्ली जानव्याला. "फळाला दाबून बघायचं नाही. पिकलं की ते आपणहून सांगतं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत. लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसलं तर दुसरा कुणी फडकं धरून पिळेल. साडू बरणी उन्हात ठेवून तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. झाकण निघेपर्यंत पंगत उठलेली असायची. मग "निघालं की नाही?" असं विचारत ते एकटेच लोणचं चाखत बसत. लग्नाला निघाले की मंगलाष्टकं हमखास चुकत, आणि कुणी उशिराबद्दल बोललंच तर "नवरानवरी आहेत ना अजून?" म्हणून त्यालाच गप्प करत.

त्यांच्याकडे गोल पाठीची एक जुनी निळी गाडी आहे. ती मुळात गुहागरच्या दादांची, म्हणजे आमच्या दोघांच्या बायकांच्या थोरल्या भावाची. दादांनी साडूंना ती चालवायला शिकवली आणि पुढे देऊनच टाकली. मागच्या वर्षी दादा अंथरुणाला खिळले. फोनवर साडूंना म्हणाले, "गाडी घेऊन या हो. एकदा तिच्यात बसतो. समुद्रापर्यंत फिरवून आणा मला."

साडू तयारीला लागले. पण लांब निघण्यापूर्वी गाडीच्या सगळ्या सांध्यांत ग्रीस भरायचं, हा त्यांचा नेम. ग्रीस ज्या बोंडातून आत जातं त्याला निपल म्हणतात. पुढच्या डाव्या चाकाच्या सस्पेन्शनमधला निपल खाऱ्या हवेने गंजला होता. पाना लावताच त्याचं डोकं साडूंच्या हातात आलं आणि आट्यांचा तुकडा आतच राहिला. पालीच्या गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं. "वेल्डिंगने नट चिकटवतो नि फिरवतो. अर्ध्या तासाचा काम हाय," तो म्हणाला. साडूंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "आतले आटे जळले म्हणजे? दादांची गाडी आहे ती," ते मला म्हणाले.

मग आराधना सुरू झाली. चाकासमोर नारळ ठेवून साडूंनी रीतसर गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आट्यांना धक्का न लागता हा तुकडा सुखरूप बाहेर येऊ दे रे म्हाराजा!" मागे उभं राहून "व्हय म्हाराजा" म्हणायला मी होतोच. रोज पूजा आटोपली की साडू त्या तुकड्यावर डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण पळीने थेंब थेंब सोडायचे. ती पळी अर्थातच देवघरातून बाद झाली. मग पान्याने हलकेच टिचकी मारायची, कान लावायचा आणि समाधानाने म्हणायचं, "मुरतंय." मला हसू आवरायचं नाही.

ताई, म्हणजे त्यांची बायको, मात्र हसत नव्हती. ती पिशवी भरून बसली होती. "एसटीने जाऊन येऊ ना हो. दादा माझी वाट बघतोय, गाडीची नाय."

"त्यांनी गाडी मागितलीनी गो. तिच्याशिवाय जाऊन काय तोंड दाखवू? थांब थोडी, येतोय तो तुकडा."

दादा तेवढे थांबले नाहीत. बातमी आली तेव्हा साडू चाकाशीच बसले होते. एसटी पकडून, जयगडची खाडी फेरीबोटीने ओलांडून दोघं गुहागरला पोचली, तोवर दादांना नेलेलं होतं.

बाराव्याहून परतल्यावर साडूंनी तुकड्याला बारीक भोक पाडलं, त्यात उलट्या आट्यांची सळी बसवली आणि दोन बोटांनी फिरवली. तुकडा निमूट बाहेर आला. आतले आटे नव्यासारखे. एरवी हा पराक्रम त्यांनी आम्हाला आठवडाभर ऐकवला असता. त्या दिवशी तुकडा पायरीवर ठेवून ते हात न धुताच आत निघून गेले. ताई त्यांना एका शब्दानेही बोलली नाही. ती भांडली असती तर फार बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

हल्ली साडू घाई करतात, आणि ती मला बघवत नाही. परवा माझ्या बायकोने फोनवर ताईला अंगात कणकण आहे एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दात घासतोय तोच पहिल्या एसटीने दोघं दारात हजर. साडूंच्या शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"अहो, नुसतं पडसं आहे," मी म्हटलं.

"असू दे हो."

ताई सरळ आत जाऊन बहिणीच्या उशाशी बसली. साडू मात्र उंबऱ्याबाहेरच उभे. चहाला या म्हटलं तरी हलेनात. आतून बहिणीबहिणींचं बोलणं ऐकू येत होतं, तिकडे त्यांचे कान होते.

"तिने सांगायच्या आधीच मी उठलो," ते हळूच म्हणाले. "या वेळी मीच म्हटलं हो तिला, चल, आत्ता निघू."