मालतीबाईंनी पुन्हा काढलेला फोटो

मालतीबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "आत्या झोपेतच गेली, मावशी," त्यांचा भाचा म्हणाला. मी बरं म्हटलं आणि अर्धी निवडलेली मेथी तशीच फडक्यात गुंडाळून ठेवली. त्यालाही आता काही आठवडे झाले.

मालतीबाई बुलढाण्यातल्या एक्स-रेच्या डॉक्टर. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. मी धामणगाव बढ्याची, लग्न होऊन साखरखेर्ड्याला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात मला खोकला जडला. काही केल्या जाईना. परगावी जाऊन छातीचा फोटो काढला, तर उजव्या खांद्याखाली पांढरा डाग. क्षयच, असं घरात ठरून गेलं. माझी ताटवाटी वेगळी झाली, मला कायमचं माहेरी पोचवायचं म्हणून ट्रंक भरली. त्याआधी एकदा बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू, एवढा हट्ट मात्र माझ्या नवऱ्याने धरला. सासूबाईही सोबत निघाल्या.

मालतीबाईंनी तो फोटो दिव्याच्या पेटीवर लावून बराच वेळ पाहिला. "यात कोळशासारखं काळं आहे आणि चुन्यासारखं पांढरं. मधल्या छटाच उतरल्या नाहीत. फुप्फुसातलं सारं तर त्यांतच दिसतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. माझी जाड वेणी खांद्यावरून पुढे आलेली होती. "फोटो काढताना वेणी अशीच होती का गं?" अशीच होती. त्यांनी स्वतःच माझे केस उचलले आणि डोक्यावर घट्ट बांधले. घरात कितीतरी दिवस मला कोणी हात लावला नव्हता... त्या बोटांचा स्पर्श मी अजून विसरलेले नाही.

विजेचा दाब कमीजास्त होत होता, म्हणून त्या थांबून राहिल्या. तो स्थिरावल्यावर म्हणाल्या, "श्वास घे, धरून ठेव. हललीस तर बारीक रेघा पुसट होतील." धुतलेला फोटो त्यांनी ओलाच आणून दाखवला. बरगड्या, हृदयाची कड आणि झाडाच्या मुळ्यांसारख्या पसरत गेलेल्या बारीक रक्तवाहिन्या, सगळं वेगवेगळं दिसत होतं. डाग कुठेच नव्हता. तो माझ्या वेणीचा होता.

"मंग हिले खोकला काऊन येऊन राह्यला?" सासूबाईंनी विचारलं.

"ते शोधू. फोटोत क्षय दिसत नाही, पण नुसत्या फोटोवर मी शपथ घेणार नाही. थुंकी तपासू, मग बोलू."

थुंकीही स्वच्छ निघाली. श्वासनळीला सूज होती, ती औषधाने उतरली. निकाल कळला त्या संध्याकाळी सासूबाईंनी माझं ताट उचलून आपल्या ताटाशेजारी मांडलं. "जेव," एवढंच म्हणाल्या.

पुढे नवऱ्याची बदली बुलढाण्याला झाली आणि मी बाईंच्या दवाखान्यात कामाला लागले. फोटो धुणं, वाळवणं त्यांनीच शिकवलं. फोटो अस्पष्ट आला की त्या पुन्हा काढत. वैतागलेल्या नातेवाइकांना म्हणत, "तुम्ही याच्यावर घरातलं माणूस ठेवायचं की काढायचं ते ठरवता. मला नीट बघू द्या." माझा संसार, माझी मुलं, हातची नोकरी, सगळं त्यांच्या त्या थांबून बघण्यामुळे झालं. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर हसल्या आणि चहा ठेवायला सांगितला.

दवाखाना रिकामा करायचा म्हणून परवा भाच्याने मला बोलावलं. मी फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत गेले. बाई आत आल्या की लगेच कामाला हात घालत नसत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत स्टुलावर बसत आणि तेवढ्यात माझ्या मुलांची, सासूबाईंच्या गुडघ्यांची विचारपूस करत. मी दार ओढून घेतलं आणि त्या स्टुलाशेजारी उभी राहिले. आधी काहीच दिसेना... मग हळूहळू भिंतीची कड, तारेवरचे चिमटे, स्टुलाची झिजलेली बैठक.

"मावशी, दिवा लावू का?" भाच्याने बाहेरून विचारलं.

"थांब जरा," मी म्हणाले. "दिसायला लागलंय."