जामीनदार अक्का

जेलच्या भेटीच्या शेडमध्ये अक्का ज्या थाटात बसायच्या, तो थाट लग्नातल्या वरमाईलाही जमणार नाही. पांढरं लुगडं, मांडीखाली घडी घातलेली पिशवी, आणि आल्यागेल्याला, अगदी फाटकावरच्या शिपायालाही, खणखणीत 'जयभीम'. नवी बाई आली की चेहऱ्यावरूनच ओळखायच्या. "पहिलीच भेट ना? हिकडं ये. आधारची झेरॉक्स आनली का? डबा आनला असंल तर इथंच खाऊन घे, आत जात नसतो." एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीला नसेल एवढी गर्दी त्यांच्याभोवती असायची. सगळे त्यांना चौकशीच्या अक्काच म्हणायचे.

माझी ओळखही तशीच झाली. मी पुंडलिकनगरात घरी शिकवण्या घेणारी बाई. भावकीतल्या प्लॉटच्या मारामारीत एक माणूस गेला आणि आमचे हे आत गेले. जेल कसं असतं ते आमच्या खानदानात कुणाला ठाऊक असणार! मी रडत रडत प्रश्न विचारत सुटले. कपडे कुठले चालतात, मारतात का, काचेपलीकडचं फोनवर नीट ऐकू येतं का. अक्कांनी सगळं सांगितलं आणि वर दटावलं, "आधी दोन घास खा. उपाशी बाईचा आवाज फुटत नाय. मग काय तुजं मुसमुसनंच ऐकवनार व्हय त्याला?" एका प्रश्नाला मात्र त्या कधीच हात लावत नसत. 'कधी सुटतील?' म्हटलं की म्हणायच्या, "ते वकिलाला इचार. खोटं बोलायचे पैसे त्यो घेतो, मी नाय."

एकदा एका नव्या नवरीनं त्यांना हळूच विचारलं, "अक्का, मी थांबू का ह्यांच्यासाठी?" शेडमधल्या बायका कान टवकारून बसल्या. अक्का म्हणाल्या, "मी कैद्याची आई हाय, पोरी. मी थांबच म्हननार. तू आपल्या आईला इचार." त्यांच्या स्वतःच्या सुनेला मात्र त्यांनीच माहेरी, पैठणच्या गाडीत बसवून दिलं होतं. हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही, पण पिशवीचा बंद त्यांनी उगाचच दोनदा सोडला आणि बांधला.

त्यांचा धाकटा, सिद्धार्थ, बोअरच्या पाण्यावरून झालेल्या भांडणात जन्मठेपेला गेलेला. शिक्षा लागलेल्या पक्क्या कैद्याला अधूनमधून घरी जायची रजा मिळते, पण बाहेर कुणीतरी जामीनदार लागतो आणि 'हा माझ्या घरी राहील' असं म्हणणारं माणूस लागतं. सिद्धूचं ते माणूस म्हणजे अक्का. त्या त्याला पडेगावच्या खोलीवर घेऊन जायच्या, भाकरी खाऊ घालायच्या आणि रजा संपली की स्वतःच परत आणून सोडायच्या. पोरगं फाटकाशी पाय ओढायचं, तेव्हा त्याला पाठीला हात लावून आत ढकलताना मी त्यांना पाहिलंय. "उशीर झाला की म्होरली रजा बुडती," एवढंच बोलल्या. कुठल्याही आईवर असली पाळी येऊ नये.

मग अक्कांचं पोट पाण्यानं फुगू लागलं. घाटीत, सरकारी दवाखान्यात, त्यांना बघायला गेले तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी मला प्रश्न विचारला.

"बाई, मी गेले तर त्याला मातीला सोडतील का?"

"सोडतील की. आईसाठी सोडतातच."

"व्हय. पन जामीनदार कोन?"

मी त्यांची चादर सारखी करू लागले. त्याच मला समजावत राहिल्या, "ऱ्हाऊ द्या. इचारलं आपलं."

मी त्यांच्या थोरल्याकडे गेले. तो वाईट माणूस नव्हता. उंबऱ्यातच उभा राहून हात जोडून म्हणाला, "ताई, लई मुश्किलीनं पोरीचं जमत आलंय. ह्या घरात त्याचं नावसुद्धा काढू नका." मी वादही घातला नाही. पोरींची लग्नं जेलच्या नावानं कशी मोडतात ते मला काय सांगायला हवं होतं?

अक्का गेल्या. अर्ज केला, ठाण्यातून माणूस चौकशीला आला आणि त्यानं जमलेल्यांना विचारलं, त्याला घरी ठेवून घेणार कोण? मी पुढं झाले. "तुम्ही त्याच्या कोण?" त्यानं विचारलं. मी कुणीच नव्हते. थोरला मान खाली घालून म्हणाला, "आमच्यातलं कुनी ठेवून घेनार नाय." परवानगी आली नाही.

तोवर आमचे हेसुद्धा पक्के कैदी झाले होते, सिद्धूच्याच बराकीत. पुढच्या भेटीला काचेपलीकडे त्यांनी फोन उचलला.

"मी सांगितलं त्याला," हे म्हणाले. "रडला नाही. एकच विचारलं त्यानं. आईला माझ्यासाठी किती वेळ ठेवलं होतं?"

"अंधार पडेपर्यंत," मी म्हणाले. "तसंच सांगा त्याला."

ऊन डोक्यावर यायच्या आतच आम्ही अक्कांना नेलं होतं.