अव्वल आणि दुय्यम

माझी मावशी कपबश्यांच्या कारखान्यात निवडीच्या खोलीत बसायची. भट्टीतून आलेला कप उचलायचा, नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचा, उजेडात फिरवायचा आणि नक्षीत खोट दिसली की तळाला खडूची फुली मारायची. फुली म्हणजे दुय्यम. असे कप फाटकाजवळच्या दुकानात पडत्या भावाने जायचे.

हा शब्द ती घरीही घेऊन यायची. भाजी दुय्यम, शेजाऱ्यांचा सोफा दुय्यम, माझं अक्षर तर विचारूच नका. काका म्हणायचे, "लग्नात माझा तळ बघायचा राहिला, म्हणून मी पास झालो." आम्ही खो खो हसायचो. पण पाहुण्यांसमोर ती मुलींची ओळख करून द्यायची, "थोरली अव्वल, धाकटी दुय्यम," तेव्हा धाकटी मुकाट्याने आत निघून जायची. मला मावशीचा तेव्हा मनापासून राग यायचा.

पुढे हीच धाकटी त्याच कारखान्यात कपांवर निळी पानं रंगवायला लागली. आधी काही महिने काम बघणार, मग कायम करणार, असं ठरलं होतं. प्रत्येक कारागीर कपाच्या तळाला आपली खूण करायचा, त्यामुळे कोणता कप कुणाचा हे मावशीला कळायचं. धाकटीच्या कपांवर फुल्याच फुल्या पडू लागल्या. पोरीने पानं गिरवून गिरवून बोटं दुखवून घेतली.

"आई, चुकतंय कुठे ते तरी सांग."

"हात बसला नाही अजून," एवढंच उत्तर.

तिला काढायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात मावशी तापाने पडली, निवडीला दुसरी बाई बसली आणि फुल्या एकदम कमी झाल्या. फोरमनच्या मनात पाल चुकचुकली. मावशी कामावर परतली तेव्हा त्याने फुली मारलेले काही कप पुसून, तळाला कागद चिकटवून तिच्यापुढे ठेवले. तिने एकेक पारखला आणि सगळे अव्वल ठरवले. मग त्याने कागद काढले. सगळे धाकटीचे होते.

नोकरी वाचली. संध्याकाळी मावशी लेकीसमोर बसली. "अगं, लोक म्हणाले असते, आई आहे म्हणून सोडते."

"लोकांनी कधी काही म्हटलंच नाही, आई. म्हणत आलीस ती तूच."

मावशी त्या रात्री जेवली नाही. सकाळी ती भर खोलीत, सगळ्यांच्या देखत फोरमनला म्हणाली, "माझ्या मुलीचे कप यापुढे माझ्या टेबलावर देऊ नका. तिचं काम मला नीट दिसत नाही."