गिरणीतलं जातं

निजामाच्या राज्यात, माझ्या लहानपणी, आमच्या जवळा बाजार गावात पहिली पिठाची गिरणी आली. इंजिनाला लेकराचा बळी लागतो, अशी आवई उठली आणि बाया तिकडं फिरकेनात; माझ्या आईसारख्याच पहाटे उठून घरच्या जात्यावर दळत राहिल्या. गिरणीवाला एकटाच स्वतःची ज्वारी दळत बसायचा. भुवयांवर पीठ, आणि दर वाक्यामागं "बराबर?" एका बाजाराच्या दिवशी त्यानं इंजिन बंद केलं, गिरणी खोलली आणि माझ्या आईला आत बोलावलं.

"हात लावून पाहा, माय. तुमच्या जात्यासारखेच दगड. इंजिन नुसतं फिरवतं. बराबर?"

आईनं दगड चाचपले. "व्हय, जातंच हाय," म्हणाली आणि ज्वारीचं टोपलं पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली, तेव्हा आई माझ्याशेजारी गाढ झोपलेली होती.