टीमचे रंग

वसईचा रॉयडन डाबरे यूएईतल्या अल ऐनमध्ये दर शनिवारी रग्बी लीगच्या मॅचेस शूट करायचा. दहा वर्षं कॅमेऱ्यातून एकच नालायकपणा बघून त्याला किळस आली होती. मानेला धरून पाडलं की एका टीमचा प्लेयर दहा मिनिटं बाहेर, आणि दुसऱ्या टीमच्या प्लेयरला नुसतं ‘यल्ला, खेळा!’ कसले डोंबलाचे नियम!

शेवटी त्याने अशाच एका टॅकलची क्लिप ब्लॅक अँड व्हाइट केली, जर्सी पुसट केल्या आणि रेफरींच्या मीटिंगमध्ये लावली.

“आता सांगा, फाउल आहे की नाही?”

रेफरींचा चीफ डोळे बारीक करून स्क्रीनजवळ गेला आणि वैतागून म्हणाला,

“अरे, पण आधी टीम कुठली ते तर सांग!”