आत्याला तळमजला हवा होता

आमची आत्या कुणाच्याही घरी गेली की माणसांआधी दाराची विचारपूस करायची. दार आत उघडतं की बाहेर, कडी वरची आहे की खालची, उंबऱ्यापाशी सामान रचून ठेवलंय का, हे बघून झालं की मगच टेकायची, आणि टेकायची तीही दारातच. लग्नघरात बायका तिला मानाने आतल्या खोलीत न्यायला यायच्या. ती म्हणायची, "मी हितंच बरी हाय. वारा लागतोय." वारा नसला तरी हेच. लातूर-औशाकडच्या लोकांना कारण विचारावं लागत नसे. किल्लारीजवळच्या गावची बाई म्हटलं की ते गप्प व्हायचे आणि तिची सतरंजी दारात टाकायचे.

भूकंपात तिचा नवरा आणि पाच वर्षांची सुमी गेली. दीड वर्षाचा विनू त्या पहाटे किरकिरत होता म्हणून ती त्याला खांद्यावर घेऊन अंगणात आली होती, तेवढे दोघं राहिले. हे तिने मला एकदाच सांगितलं, मेथी निवडताना, मान वर न करता. मी तिच्या धाकट्या भावाची मुलगी. नांदेडला कॉलेजात शिकवते आणि सुट्टी लागली की लातूरला तिच्याकडे जायचे. आत्या जाऊन आता वर्ष होईल. तिची आठवण निघाली की मला लातूरचं घर आठवत नाही, टोकियोची एक गल्ली आठवते.

एका वाक्याचा तिला फार राग होता. "काही होत नाही." पोराला ताप आला, एसटी वळणावर जोरात गेली, गॅसचा वास आला आणि कुणी "काही होत नाही" म्हणालं की आत्याचा चेहरा ताठ व्हायचा. "भूकंपाच्या आधी लई दिवस धरणी गुरगुरत व्हती," ती म्हणायची. "ज्याला इचारावं त्यो म्हणायचा, काही होत न्हाई. आमी बी तेच म्हणून झोपलो."

तिचा विनू नेमका इमारतींचाच इंजिनिअर झाला. जपानला शिकायला गेला आणि तिथेच उंच इमारती बांधणाऱ्या एका कंपनीत लागला. भूकंपात इमारत कशी तगेल याचा हिशेब मांडायचं त्याचं काम. टोकियोत त्याने अकराव्या मजल्यावर घर घेतलं. तिथेच ओवी झाली. ओवी दोन वर्षांची झाली तरी आत्याने नातीला फोनवरच पाहिलं होतं. विनूला रजा मिळाली की पोर आजारी, पोर बरी की रजा नाही. शेवटी त्याने आत्याला आणि सोबत म्हणून मला बोलावलं. तिकिटं निघाली. मग आत्याने विचारलं, "घर कितव्या मजल्यावर हाय म्हणला?"

तो आकडा तिला ठाऊक होता. तरी विचारला.

"आई, या इमारतीचा हिशेब मी स्वतः तपासलाय," विनू फोनवर म्हणाला. "काही होणार नाही."

आत्याने फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. पलीकडून विनू मग म्हणाला, "शैलाताई, सुमीला पुरलं तिथे दिवा लावायला ती गावात जाते, तेव्हा दुसऱ्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपते. मी बांधलेल्या घरात झोपणार नाही. मी हे सगळं कशासाठी शिकलो, सांग ना."

आत्या जाणार नाही असंही म्हणत नव्हती. नातीला भेटायचं होतंच. तिचं म्हणणं एवढंच की राहायचं घर तळमजल्यावर हवं, आणि विनूच्या घरी पायी जाता येईल इतकं जवळ हवं. आठ-पंधरा दिवसांसाठी लोक आपली घरं पाहुण्यांना भाड्याने देतात, त्यातलं शोधायचं ठरलं.

मग लातूरच्या ओसरीवर माझ्या फोनवर टोकियोची घरं सुरू झाली. आत्या चष्मा लावून शेजारी बसायची. एक घर रेल्वेच्या पुलाखाली होतं. "गाडी गेली की हालंल ते." नको. एक नदीकाठी, काचेच्या भिंतींचं. नको. एका चकचकीत वस्तीतलं घर मला फार आवडलं होतं, पण त्या गल्लीत एकाही फोटोत माणूस दिसत नव्हता. आत्या म्हणाली, "हितं हाक मारली तर कोण येईल?" प्रत्येक घराचे वीस-पंचवीस फोटो असत. पलंग, खिडकी, न्हाणीघर, चहाची किटली. दाराचा फोटो एकाचाही नसायचा. आत्या चिडायची. "दार दाखव म्हणते मी, ही बया गादीच दाखवायलीय."

पाचव्या-सहाव्या दिवशी एक जुनं लाकडी घर निघालं. अरुंद गल्ली, घरांपुढे फुलझाडांच्या कुंड्या, वर विजेच्या तारांचं जाळं. एका फोटोच्या कोपऱ्यात दोन म्हाताऱ्या बाया दारापुढे स्टुलांवर बसलेल्या दिसत होत्या. आत्याने तो फोटो मोठा करायला लावला. "बाया दारात बसत्यात. गल्ली राहती हाय," ती म्हणाली. "हेच घे."

विनूला फोटो पाठवला तर त्याचा आवाज चढला. जुनी लाकडी घरं, चिकटून चिकटून, तीच त्या शहरात सगळ्यात आधी धोक्याची. नव्या उंच इमारती त्या मानाने कितीतरी भक्कम. तो म्हणत होता ते खरं होतं. आत्याही त्याचं खोटं म्हणत नव्हती. ती फक्त म्हणाली, "तुझं बरोबर असंल बाबा. पर मला झोप लागली पायजे ना."

घराच्या मालकीणबाईंना मी दाराचा फोटो मागितला. त्यांनी पाठवला. सरकतं दार निघालं. आत्या पुन्हा अडली. चौकट वाकडी झाली की सरकतं दार जाम होतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. दोन दिवस ती या घराबद्दल बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी विनूचा व्हिडिओ आला. सुट्टीच्या दिवशी तो त्या घरी गेला होता. माळ्यावर चढून त्याने लाकूड पाहिलं होतं, छपरावरची जड कौलं काढून हलका पत्रा बसवलाय का ते पाहिलं होतं, भिंतींना आतून दिलेले आडवे-तिरपे आधार दाखवले होते. मग मागच्या बाजूचं दुसरं दार त्याने उघडलं आणि मिटलं, पुन्हा उघडलं आणि मिटलं. ते साधं, बाहेर उघडणारं होतं. सबंध व्हिडिओत तो एक शब्द बोलला नाही. आत्याने तो दोनदा पाहिला आणि म्हणाली, "वाळलाय लई."

आम्ही त्या घरात उतरलो. आत्याने मागच्या दाराशी अंथरूण घातलं आणि मी जिन्याखालच्या खोलीत. सकाळी मालकीणबाई गल्ली झाडायच्या. आत्याही उरलेला अर्धा भाग झाडायला लागली. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षर कळत नव्हतं. विनूची बायको रेणुका, उदगीरची मुलगी, रोज ओवीला घेऊन यायची. विनू संध्याकाळी यायचा, पण आईशी तुटक बोलायचा. "माझं घर एकदा बघून तरी ये," त्याने एकदा म्हटलं. आत्या म्हणाली, "येते की. आज गुडघा धरलाय." दुसऱ्या दिवशी हवा खराब होती. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलंच नाही.

आठवड्याभराने ओवीला सर्दी झाली म्हणून त्या दोघी आल्या नाहीत. दुपारची वेळ होती. आत्या लातूरहून आणलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापत होती, ओवीकडे पाठवायला. मी भांडी पुसत होते. आधी सरकतं दार थरथरलं. मग वरचा दिवा हेलकावे घ्यायला लागला, आणि पायाखालची जमीन कुणीतरी चटई ओढावी तशी सरकली. मला काय होतंय ते कळेपर्यंत आत्याने गॅस बंद केला होता आणि माझं मनगट धरून मागच्या दाराने बाहेर आणलं होतं. पिठाचा हात माझ्या मनगटावर उमटला होता.

गल्लीत बाया बाहेर आल्या होत्या. तारा हलत होत्या. थोड्या वेळाने सगळं थांबलं, आणि मालकीणबाई आम्हाला हाताने खूण करून, झालं, असं सांगून आत गेल्या. त्यांना याची सवय होती. आत्या मात्र तिथेच उभी, अनवाणी, ओठ पांढरे पडलेले. मी रेणुकाला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

"वर पोर हाय," आत्या म्हणाली आणि चालायला लागली.

वाट तिला ठाऊक होती, इमारतीच्या दारापर्यंत ती रोज ओवीला पोचवायला जायची. मी तिच्या चपला घेऊन मागे धावले, पण तिने घातल्या नाहीत. इमारतीत लिफ्ट आपोआप थांबलेली होती. पहारेकरी शांतपणे लोकांना थांबायला सांगत होता. आत्याने जिन्याचं दार ढकललं.

"आत्या, मी जाऊन बघून येते. तू थांब इथे."

"तू बघून मला काय कळंल?"

ती चढत होती. कठड्याला धरून, एक पाय टाकून दुसरा ओढून. मधे कुठे थांबायला तयार नव्हती. सातव्या मजल्याच्या वळणावर पुन्हा धक्का आला. आधीच्यापेक्षा लहान होता, पण आम्ही उंचावर होतो आणि इमारत सावकाश, नावेसारखी कलत होती. भिंतीतून करकर आवाज येत होता. आत्या पायरीवर बसली. दोन्ही तळवे भिंतीला लावले, डोळे मिटले. आता ही इथून पळणार, पडणार, असं वाटून मी तिला धरलं.

"आत्या, खाली जायचं का?"

तिने मान हलवली. श्वास लागला होता, शब्द तुटत होते. "त्या येळंला मी बाहेर व्हते. आन् सुमी आत व्हती." मग भिंतीला धरून उठली.

रेणुकाने दार उघडलं तेव्हा घरात एक पुस्तक तेवढं पडलेलं होतं. ओवी जेवणाच्या टेबलाखाली बसून चुरमुरे खात होती. तिला वाटत होतं आई खेळतेय. आत्या गुडघ्यांवर वाकली, टेबलाखाली शिरली आणि नातीला मांडीत घेऊन बसली. ओवीने एक चुरमुरा तिच्या तोंडात घातला.

गाड्या बंद झाल्या म्हणून विनू ऑफिसातून पायी निघाला होता. आधी तो गल्लीतल्या घरी गेला. मागचं दार सताड उघडं, पोळपाटावर अर्धी थापलेली भाकरी, आणि माणूस नाही. त्याने नंतर मला सांगितलं की तिथून इमारतीपर्यंत तो कसा आला ते त्याला आठवत नाही. रस्त्याने प्रत्येक झाडाखाली, प्रत्येक बाकावर तो आईला शोधत आला. वर असेल हे त्याच्या मनातही आलं नाही.

तो दारात आला आणि आईला टेबलाखाली बघून बूट न काढता तिथेच खाली बसला. ओवी झोपली होती.

"हालतं रे लई," आत्या हळूच म्हणाली.

"हालायलाच बांधलंय, आई. हाललं नाही तर मोडेल."

"कसं?"

आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला हे विचारलं होतं. विनू जमिनीवर सरकत टेबलापाशी गेला. खांब कसे वाकतात, खाली काय बसवलंय, धक्का कसा जिरतो, ते त्याने तिला आपल्या बोलीत सांगितलं, हातांनी दाखवून. आत्या ऐकत होती, मधे मधे "हाव" म्हणत होती. सांगून संपलं तेव्हा तिने विचारलं, "आपल्या घराला असं काही करता आलं असतं का?"

रेणुका स्वयंपाकघरात जाता जाता थांबली. "दगडमातीच्या भिंती होत्या, वर मातीचं धाबं," विनू म्हणाला. "लाकडाचे पट्टे घातले असते, धाब्याची माती कमी केली असती तर आलं असतं, आई. थोडं तरी."

"कुणाला ठावं व्हतं?"

"आपल्याकडं कुणालाच नव्हतं."

आत्याने नातीच्या केसांवरून हात फिरवला. हाताचं पीठ वाळून तिच्या केसांना लागलं. "म्हणजे तुझ्या बापाची बी चूक न्हाई," ती म्हणाली. "भिंती त्यांनीच उचलल्या व्हत्या." हे मला तिथे कळलं. विनूलाही तिथेच कळलं असावं, कारण त्याने तोंड फिरवलं.

झोपायला ती गल्लीतल्या घरीच आली. त्या रात्रीही आणि उरलेल्या सगळ्या रात्री. तिची भीती गेली नाही, जाणारही नव्हती. पण रोज सकाळी ती अकरा मजले जिन्याने चढायची, विनू कामाला निघेपर्यंत त्याच्याशी बोलत बसायची आणि उतरायची. लिफ्टमध्ये ती शेवटपर्यंत चढली नाही.

निघायच्या दिवशी विमानतळावर विनूने तिची पिशवी हातातून सोडलीच नाही. म्हणाला, "आई, आता इथेच राहा. ते गल्लीतलं घर मी वर्षभरासाठी घेतो. मालकीणबाई तयार आहेत. लातूरला एकटी काय करणार आहेस?"

मला वाटलं, ती हो म्हणेल. तिने ओवीला एकदा पाहिलं, रेणुकाला पाहिलं, मग विनूच्या गालावरून हात फिरवला.

"तुला हितं सगळे हायत," ती म्हणाली. "सुमीला तकडं कोण हाय?"

विनूने पिशवी तिच्या हातात दिली.