चौकटीत काही लिहिलेलं नाही

काकूंचा आवाज गोड आहे असं त्यांच्या सख्ख्या बहिणीनेही कधी म्हटलं नाही. स्वच्छ होता, एवढं खरं. बसस्टँडवर उद्घोषणा करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. काचेची एक छोटी खोली, पुढ्यात माइक आणि खिडकीतून आत सरकवली जाणारी चिठ्ठी. चिठ्ठीत असेल ते वाचायचं, नसेल ते वाचायचं नाही. गाडी वेळेवर असो, रद्द असो की वाटेत कुठेतरी बंद पडून उभी असो, आवाजावरून कुणाला काही कळत नसे. ‘वाईट बातमीसुद्धा बाईंच्या तोंडून कुणाला लागत नाही,’ असं एक साहेब निरोप समारंभात म्हणाले होते. काकूंनी ते कौतुक म्हणून घेतलं.

काकू निवृत्त झाल्या, आवाज झाला नाही. ‘चहा तयार आहे, गार होण्यापूर्वी घ्यावा’ हे त्या स्वयंपाकघरातून अशा सुरात सांगत की पाहुणे आपापल्या पिशव्या सांभाळू लागत. गल्लीत त्यांना स्टँडवाल्या काकू म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे. काकूंची त्याला हरकत नव्हती.

यजमान कॉलेजात साहित्य शिकवायचे. सगळं गाव त्यांना सर म्हणे, चारचौघांत काकूही सरच म्हणत. सर वर्गात वाचायला लागले की मागच्या बाकावरची मुलं झोपेतून उठून बसत, अशी त्यांची ख्याती. साठी उलटल्यावर सरांच्या दोन्ही डोळ्यांचं मधलं बघणं गेलं. कडेकडेचं दिसायचं. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलेलं. माणूस समोर येऊन बसला तर त्याचे कान दिसत, चेहरा नाही. छापलेल्या ओळीचं तर नावच नको. डॉक्टर म्हणाले, गेलं ते विसरा आणि उरलंय ते जपा. सरांनी सल्ला नेमका उलटा पाळला.

ते बोलायचेच बंद झाले. ‘हं’ आणि ‘नको’ हे दोन शब्द तेवढे वापरात राहिले. दिवसभर खिडकीशी बसायचे, हाक मारली की मान वळवायची, पुन्हा खिडकी. काकूंना दया यायची आणि रागही यायचा. खरं सांगायचं तर राग जास्त यायचा. डोळे गेले ते गेले, पण हा माणूस कुठे गेला? जेवायला समोर बसतो, गोळी हातावर ठेवली की गिळतो, आणि घरात नसतो. काकूंना दुसरं काही नको होतं. यांनी बोलावं. भांडले तरी चालेल.

म्हणून त्यांनी वाचून दाखवायला घेतलं. सरांच्या कपाटात एक तीन खंडांची जुनी कादंबरी होती. एक नावाडी बायकोला न सांगता घर सोडतो, दोन खंड देशोदेशी हिंडतो आणि तिसऱ्याच्या शेवटी परत येतो. सरांनी ती वर्षानुवर्षं शिकवलेली. काकूंनी पहिला खंड उघडला, घसा साफ केला आणि नदीचं वर्णन वाचलं. सरांनी अर्ध्या पानापर्यंत कळ काढली.

“अगं, तू कादंबरी वाचतेयस की गाडी सोडतेयस?”

कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून एवढं मोठं वाक्य निघालं होतं, त्यामुळे काकूंना आधी बरंच वाटलं. मग कळलं की ते आपल्यावर आहे. खंड कपाटात गेला. रेकॉर्ड केलेली पुस्तकंही लावून झाली, पण त्यातला वाचणारा दर दोन वाक्यांनी गहिवरायचा. सरांनी त्याला उशीखाली दाबून ठेवलं.

सून परगावी असायची आणि माया करायची ती फोनवरून काहीबाही पाठवून. एकदा तिने काकूंना चार चौकटींचं एक चित्र पाठवलं. असली चित्रं कुणीकुणी काढून इंटरनेटवर टाकतं, रोज एक, असं तिने खाली लिहिलं होतं. ते चित्र काकूंनी उघडलं डोळ्यांच्या दवाखान्यात. सरांच्या डोळ्यांत थेंब घातलेले, पुढे रांग मोठी, करायला काही नाही. बघता बघता काकू खुदकन हसल्या. दवाखान्यात हसणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी तोंड दाबलं, तर ते जास्तच फुटलं.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“विनोद आहे. वाचू?”

“वाच.”

“‘पावतीवर शिक्का मिळेल का?’” काकूंनी वाचलं आणि फोन खाली ठेवला.

सर थांबले. “पुढे?”

“संपलं.”

“यात हसण्यासारखं काय आहे?”

“तो गेंडा आहे ना.”

“कोण गेंडा?”

“बँकेत. खिडकीपलीकडे बसलाय तो.”

“हे तू वाचलंच नाहीस.”

“लिहिलेलं नव्हतं.”

काकूंच्या लेखी त्यात चूक काही नव्हती. चिठ्ठीत नसेल ते वाचायचं नाही. पण सर आता सोडेनात, तेव्हा त्यांनी पहिल्यापासून सांगितलं, स्टँडवरच्याच आवाजात. पहिल्या चौकटीत गेंडा टेबलाशी बसलेला आहे. दुसऱ्या चौकटीत गेंडा टेबलाशी बसलेला आहे. तिसऱ्या चौकटीत एक बाई येऊन शिक्का मागते. चौथ्या चौकटीत बाई गेलेली आहे, गेंडा टेबलाशी बसलेला आहे.

“तिला तो गेंडा आहे हे कळत नाही?”

“कळलेलं दिसत नाही.”

“आणि शिक्का?”

“दिला असेल. पावती तिच्या हातात नाही, पण चेहरा समाधानी होता.”

सर गप्प झाले. घरी आल्यावर गप्प, जेवताना गप्प. पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि मध्येच ठसका लागला. काकू पाठीवर थापट्या मारायला उठल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, हा माणूस हसतोय.

मग रोजचाच परिपाठ झाला. संध्याकाळी चहा झाला की काकू फोन घेऊन बसायच्या. गेंड्याला पदोन्नती मिळाली आणि मोठी खुर्ची मिळाली. बाकी काही बदललं नाही. आणखी एक मालिका सापडली, ती सगळी जेवणाच्या टेबलाखालून काढलेली. माणसांचे फक्त पाय. भांडण, लग्नाची बोलणी, कुणाच्या तरी आजारपणाची बातमी, सगळं पायांवरून कळायचं. काकू सांगायच्या, “डावीकडचे पाय मागे सरकलेत, एका पायातली चप्पल सुटलीय.” सर म्हणायचे, “धाकट्या जावेचे. ती खोटं बोलतेय.” काकूंना एकेक चित्र नीट बघायची सवय लागली, कारण सर काय विचारतील याचा नेम नसे. भिंतीचा रंग काय, सावली कुठल्या बाजूला, मागे कोण उभं आहे. आवाज तोच, पण आता चिठ्ठी काकू स्वतःच तयार करत होत्या. आणि सर बोलत होते. वाद घालत होते. एकदा तर चहात साखर कमी आहे असंही म्हणाले, आणि काकूंना आनंदाने भरून आलं.

फक्त त्याला वाचन म्हणायला सर तयार नव्हते. “करमणूक आहे,” असं ते बजावून सांगायचे. “वाचन वेगळं.”

हे सुनेच्या कानावर गेलं असावं. तिने टपालाने एक जाड पुस्तक धाडलं. तीच नावाड्याची कादंबरी, तिन्ही खंड मिळून एक पुस्तक, आणि सगळं चित्रांत. काकूंनी भीतभीतच सांगितलं.

“त्या पुस्तकाची चित्रं काढली?” सर ताडकन उठून बसले. “आता शब्दकोशाचीही काढा म्हणावं.”

“मग परत पाठवू?”

“कशाला? सांग वाचून. काय काय कापलंय ते कळू दे तरी.”

सर परीक्षेचे पेपर तपासायला बसल्यासारखे बसले. काकू पान सांगायच्या, सर गुण कापायचे.

“नदीचं वर्णन कुठे गेलं? चार पानांचं आहे ते.”

“नदी आहे. राखाडी आहे.”

“चार पानं?”

“अर्धं पान. पण नाव अगदी लहान काढलीय, कोपऱ्यात. शोधावी लागते.”

सरांनी यावर गुण कापले नाहीत. असं दोन आठवडे चाललं. नावाडी जहाजावर चढला, तुरुंगात गेला, दाढी वाढली, पिकली. सर पुढचं सगळं जाणून होते, तरी संध्याकाळ झाली की आधी तेच विचारायचे, “कुठवर आलो होतो?” पण शेवट जवळ आला तसे ते कडक झाले. शेवटी नावाड्याची बायको दार उघडते आणि बोलते. पानंच्या पानं बोलते आणि त्याला क्षमा करते. ते भाषण सरांना तोंडपाठ होतं. त्यावर त्यांनी दरवर्षी वर्गाला रडवलं होतं.

“ते भाषण कापलं असेल ना,” सर म्हणाले, “तर पुस्तक मिट. आणि ही फोनवरची चित्रंही बंद. मला नको मग काही.”

सर शब्दाचे पक्के होते. ‘नको’ म्हटलं की नको, हे काकूंनी वर्षभर सोसलं होतं. त्यांनी पान उलटलं. समोरासमोर दोन मोठी पानं. डाव्या पानावर नावाडी, दारातल्या पायपुसण्यावर उभा. उजव्या पानावर बायको, दाराची कडी हातात धरून. दोन्ही पानांवर मिळून एक अक्षर नव्हतं.

काकूंनी कपाटाकडे बघितलं. तिसरा खंड तिथेच होता, दोन पावलांवर. गुपचूप काढायचा, शेवट उघडायचा आणि भाषण वाचून दाखवायचं. सरांना कळणार नाही. संध्याकाळ वाचेल, उद्याचीही वाचेल. त्या उठल्याही.

“कुठे चाललीस?”

काकू पुन्हा बसल्या. “अहो, इथे काही लिहिलेलं नाही.”

“म्हणजे कापलं.”

“कापलं नाही. ती गप्प आहे.”

“ती गप्प नसते. ती क्षमा करते. मी तीस वर्षं शिकवलंय.”

“असेल. इथे नाही करत.”

सर पुस्तक मिटायला सांगतील म्हणून काकू वाट बघत राहिल्या. सरांनी सांगितलं नाही. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

“मग करते काय?”

“बघते.”

“कशी? नीट सांग.”

आता काकू खरंच अडल्या. पायांचं सांगता येतं, सावलीचं सांगता येतं. त्यांनी पुस्तक दिव्याखाली धरलं आणि त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“दमलीय,” त्या म्हणाल्या. “चिडलीय. फार चिडलीय. हा गेला तेव्हा सांगून गेला नाही. मागे सगळं हिने एकटीने ओढलं, पाहुणेरावळे, दुखणीखुपणी, सगळं. कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण ऐकायला होतं कोण? आणि आता हा पायपुसण्यावर उभा. हिने काहीतरी छान बोलावं म्हणून. ती कशाला बोलेल? तिला दार लावून घ्यावंसं वाटतंय.” काकूंचा आवाज कुठेतरी घसरला होता, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. “पण लावत नाहीये. आला ते बरं वाटलंय तिला. ते त्याला कळू द्यायचं नाहीये, एवढंच.”

“हे सगळं कुठे लिहिलंय?”

“लिहिलेलं नाही म्हटलं ना. चेहऱ्यावर आहे.”

सरांनी मान थोडी वाकडी केली. समोरच्या माणसाचं काहीतरी दिसावं म्हणून ते करायचे तशी. काकूंचा कान दिसला असेल, खांदा दिसला असेल.

“आणि तुझा?” त्यांनी विचारलं.

“माझा काय?”

“चेहरा. आत्ता कसा आहे?”

काकूंनी पुस्तकातल्या बाईकडे एकदा बघितलं.

“तसाच,” त्या म्हणाल्या.

काकूंनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि पानाचा कोपरा चिमटीत धरला. “जाऊ पुढे?”

“थांब,” सर म्हणाले. “पान उलटू नकोस. मला अजून आत यायचंय.”